शब्बाथ म्हणजे देवाला लावलेली शेंडी का?

फिरस्ता_सोलापूरचा

कंपनीच्या कामासाठी तीन महिने जेरुसलेममध्ये आहे. गेल्या शुक्रवारची गोष्ट सांगतो आणि मग प्रश्न विचारतो.

डिसेंबरात इथे दुपारी चारच्या सुमारास भोंगा होतो, आपल्याकडे गिरणीचा व्हायचा तसा. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस, सुरू व्हायला आला हे सांगणारा. सूर्यास्ताला चाळीस मिनिटं उरली की हा भोंगा. मग ट्राम बंद, दुकानं बंद, रस्ते ओस. मी डाळ-तांदूळ कुकरला लावून बसलो होतो, तेवढ्यात दारावर टकटक. बेल असताना टकटक.

समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ. काळा कोट, दाढी, सोबत चारेक वर्षांचा पोरगा. ‘शब्बाथ शालोम’ म्हणाले आणि उभे राहिले. मग म्हणाले, ‘आमच्या फ्रिजमध्ये बाळाचं दूध आहे.’ मी म्हटलं, बरं. ‘फ्रिजच्या दिव्याच्या बटणाला चिकटपट्टी लावायची राहून गेली.’ मी म्हटलं, अरेरे. पुन्हा शांतता. आत कुकरची दुसरी शिट्टी झाली. शेवटी पोरगा वैतागून हिब्रूत काहीतरी ओरडला आणि बापाने घाईघाईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

गॅस बंद केला आणि त्यांच्या घरी गेलो. फ्रिज उघडला, दिवा लागला, दूध काढून दिलं. चौकटीत ते इवलंसं बटण असतं, दार मिटलं की दबतं आणि दिवा विझतो, ते अंगठ्याने दाबून धरलं. चिकटपट्टी ओट्यावरच होती, पण तिचा तुकडा फाडायचं कामही माझंच. निघताना हातात केकचे दोन तुकडे मिळाले.

तर प्रश्न असे. दिवा लावायचा नाही हा देवाचा नियम. मग दुसऱ्याकडून, तोही न सांगता, फक्त सुचवून लावून घ्यायचा, ही देवाला शेंडी नाही का? आणि ख्रिश्चनांचा रविवार म्हणजे हाच शब्बाथ का? असेल तर त्यांच्या फ्रिजला चिकटपट्टी कशी नसते?

---

टवाळ_बाळ

एकादशी अन् दुप्पट खाशी. चालू द्या.

---

पार्लेकर_मुक्कामी

टवाळ यांच्याशी सहमत. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो मुळात दक्षिण अमेरिकेतला. आपल्या ऋषीमुनींनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं, म्हणून तो निषिद्धांच्या यादीत नाही आणि म्हणून उपासाला चालतो. मीठ नको पण सैंधव हवं. आपण कुठल्या तोंडाने ज्यूंना हसणार?

---

हिब्रू_शिकतोय

शेंडीचा मुद्दा नंतर. आधी ‘काम’ म्हणजे काय ते बघू, कारण घोळ तिथेच होतो.

हिब्रूत शब्द आहे ‘मलाखा’. घाम गाळणं असा त्याचा अर्थ नाही. जड कपाट याच खोलीतून त्या खोलीत ढकललं तर ते मलाखा होईलच असं नाही, पण काडी पेटवली तर नक्की होतं. मिश्नामध्ये, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात, ‘चाळीस उणे एक’ अशी एकोणचाळीस कामांची यादी दिलेली आहे. नांगरणं, पेरणं, दळणं, निवडणं, विणणं, गाठ मारणं, दोन टाके घालणं, दोन अक्षरं लिहिणं, विस्तव पेटवणं, विझवणं वगैरे. वाळवंटात देवासाठी जो निवासमंडप उभारला, त्यासाठी लागलेली ही कामं, अशी परंपरेची मांडणी. म्हणजे नियम दमण्याबद्दल नसून घडवण्याबद्दल आहे. सहा दिवस जगात ढवळाढवळ करा, सातव्या दिवशी ते आहे तसं राहू द्या. चिकटपट्टी फाडणं, बेल वाजवणं, बल्ब लावणं हे सगळं आजच्या धर्मपंडितांनी त्या यादीशी जोडून पाहिलेलं आहे. विजेबद्दल त्यांच्यात मतभेद आहेत, पण सनातनी ज्यू शब्बाथला विजेची बटणं चालू-बंद करत नाहीत, यात वाद नाही.

आता सुचवण्याचं. ज्यू नसलेल्याला ‘हे कर’ असं शब्बाथला सांगायला मनाई आहे. अडचण बोलून दाखवणं कुठे चालतं, कुठे नाही, यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. तान्ह्या बाळाच्या गरजेला तर बरीच सूट आहे. आणि जीव धोक्यात असेल तर शेजारी शोधत बसायचं नाही, स्वतः गाडी काढायची. बाराव्या शतकातला ज्यू धर्मपंडित मैमोनिदीस तर म्हणतो, अशा वेळी ते काम परक्यावर किंवा पोराटोरांवर सोडू नका, जाणत्यांनीच करा.

हे शहाणपण किंमत मोजून आलं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ग्रीक सत्तेविरुद्धच्या बंडात शब्बाथला हत्यार उचलायचं नाही म्हणून लोक गुहांमध्ये बायकामुलांसह मारले गेले. त्यानंतर बंडाचा म्होरक्या मत्तथ्या आणि त्याच्या साथीदारांनी ठरवलं, शब्बाथला कुणी चालून आलं तर लढायचं.

---

तर्कट

पानंच्या पानं हाच तर आक्षेप आहे. सरळ माणसाला एक ओळ पुरते.

आणि ती ओळ नीट वाचा. बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आज्ञा आहे ती फक्त ‘तू काम करू नकोस’ एवढी नाही. तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका, कुणीच करू नये. धागाकर्ते तोच परका आहेत! त्याने मात्र उठून दिवा लावायचा?

---

टवाळ_बाळ

गुरंढोरंसुद्धा आहेत यादीत. धागाकर्त्यांना कशात धरायचं ते त्यांनीच ठरवावं. (कृ.ह.घ्या.)

---

लोदची_लेक

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठीच. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. जन्म अलिबागचा, लग्नानंतर इस्रायलमध्ये लोदला.

आमच्या लोकांना कोकणात ‘शनवार तेली’ म्हणायचे. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही आमची कथा. पुढे शतकानुशतकं ना हिब्रू, ना ग्रंथ, ना रब्बी (धर्मगुरू). ‘शेमा’ या प्रार्थनेचे शब्द, सुंता, खवले-पर असलेलाच मासा आणि शनिवार, एवढं शिल्लक राहिलं. मिश्ना कुणाच्या स्वप्नातही नव्हता. पण शनिवारी घाणा बंद. माझ्या पणज्याचा घाणा रेवदंड्याच्या बाजूला होता. आजी सांगायची, शनिवारी बैलाच्या डोळ्यांवरची झापड काढून खुंटीला लावायची आणि त्याला वाडीत मोकळा सोडायचा. तो तिथेही गोल गोल फिरायचा म्हणे, सवयीने. दुपारनंतर कुठे सरळ चालायला लागायचा.

शुक्रवारी काळ्या मनुका भिजत घालायच्या, कुस्करून, गाळून त्यांचं सरबत करायचं. वाइनच्या जागी त्यावरच किद्दुश, म्हणजे शब्बाथची पेल्यावरची प्रार्थना. काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल, त्यात वात. ती दिवस मावळायच्या आत लावली की तिला हात नाही. विझेल तेव्हा विझेल. मग अंधार. अंधारात झोपायचं. कुणाला सुचवायला जायचं नाही, कारण सगळ्या आळीत तसाच अंधार.

इथे आल्यावर आमच्या एका जावईबापूंनी आजीला शिकवायला घेतलं. म्हणे, शब्बाथला ‘निवडणं’ मना आहे, म्हणून माशातून काटा काढायचा नाही, काट्यावरून मासा काढायचा. आजी म्हणाली, ‘मग आम्ही इतकी वर्षं दुसरं काय करत होतो?’

म्हणून मला चिकटपट्टीचं कौतुकही नाही आणि रागही नाही. फिरस्ता, तुम्ही दूध काढून दिलंत, चांगलं केलंत.

---

पार्लेकर_मुक्कामी

तो बैल डोळ्यांसमोरून जात नाहीये.

---

तर्कट

लोदची_लेक, प्रतिसाद सुंदर, पण माझ्याच बाजूचा आहे हे लक्षात आलं का? नियमांचं जंगल नसताना तुमचा शनिवार जास्त खरा होता.

---

लोदची_लेक

नाही हो, तसं नाही. खरा-खोटा मी म्हटलं नाही. जंगल नव्हतं तेव्हा सगळं गाव एकमेकांना ओळखत होतं. तेली म्हणजे शनिवारी बंद, हे गिऱ्हाइकालाही माहीत. आता माझा मुलगा बीरशेबाला एका कंपनीत आहे. त्याला शनिवारी फोन बाजूला ठेवायला नियम लागतो. पणज्याला फोनच नव्हता.

आणि आमच्या शनिवारचा एवढा इतिहास असूनही इथे आल्यावर ‘तुम्ही पक्के ज्यू का?’ असं विचारलं गेलंच. १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे इथल्या संसदेने, ठराव करून सांगितलं की बेने इस्रायल सर्व बाबतींत बरोबरीचे. तोवर आमच्या माणसांनी उपोषणं-धरणी केली. पण तो वेगळा धागा.

---

नगरी_देऊळ

मी नगरचा, घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती. (आमच्याकडे जुनी माणसं चर्चला ‘देऊळ’ म्हणतात, म्हणून हे नाव. आधीच सांगितलेलं बरं.) अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आलं आणि बॉस्टनकडचा कडक रविवार सोबत घेऊन आलं. माझी आजी रविवारी सुईत दोरा ओवायची नाही. बटण तुटलं तर टाचणी. आम्ही पोरं ज्या वर्गाला जायचो त्याला ‘शब्बाथशाळा’ म्हणायचे, आणि तो भरायचा रविवारी! शाळेच्या नावातच घोळ.

पण धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. रविवार हा हलवलेला शनिवार नव्हे. येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी उठला म्हणून तो प्रभूचा दिवस. सुरुवातीचे ख्रिस्ती त्या दिवशी पहाटे किंवा रात्री जमायचे आणि मग कामाला जायचे. रोमन साम्राज्यात त्यांना कोण सुट्टी देणार? सुट्टी नंतर आली आणि तिला शब्बाथचे नियम चिकटले ते बरेच उशिरा. त्यातही सगळ्यात घट्ट प्युरिटन या कडक प्रोटेस्टंट पंथाने चिकटवले.

आज्ञा दोनदा येते, हे तर्कट यांनी सांगायला हवं होतं. निर्गमात कारण दिलंय की देवाने सहा दिवसांत सृष्टी केली. ‘अनुवाद’ या बायबलच्याच दुसऱ्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात कारण वेगळं आहे. तू मिसरात गुलाम होतास हे आठव, म्हणून तुझ्या दासालाही तुझ्यासारखी विश्रांती मिळू दे. एकीकडे ‘आठव’, दुसरीकडे ‘पाळ’. ज्यूंच्या घरी शुक्रवारी दोन मेणबत्त्या लावतात, त्या या दोन शब्दांच्या असं सांगतात. मला स्वतःला दुसरं कारण जवळचं वाटतं. आमचे पणजोबा ज्या समाजातून आले तिथे सुट्टी ही कल्पनाच नव्हती.

---

औंधची_सातवी

नगरी_देऊळ, ‘हलवलेला नव्हे’ हे तुमचं मत. आम्ही सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट, ख्रिस्तीच, पण शब्बाथ शनिवारीच पाळतो, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून. औंधला आमची स्पायसर ही शिक्षणसंस्था आहे, पुणेकरांना माहीत असेल. देवाने सातवा दिवस पवित्र केला, पहिला नाही. येशू स्वतः शनिवारी सभास्थानात जायचा. मग बदलला कुणी? रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने, ३२१ साली. राजाने.

आणि हे पाळणं सोपं नसतं हो. माझा इंजिनीअरिंगचा एक पेपर शनिवारी आला. अर्ज केले, पत्रं जोडली. कारकुनाने विचारलं, ‘तुम्ही ख्रिश्चन ना? मग रविवारी सुट्टी आहेच की.’ पेपर दिला नाही, केटी लागली. पुढच्या खेपेला तोच विषय बुधवारी आला. ६१ मार्क.

---

शिळेवरची_रेघ

३२१ चा हुकूम खरा आहे. ७ मार्चचा. न्यायाधीश, शहरातले लोक आणि कारागीर यांनी ‘सूर्याच्या पूज्य दिवशी’ विश्रांती घ्यावी. शेतकऱ्यांना मात्र मोकळीक, कारण पेरणीचा वाफसा गेला तर काय खाणार? हुकुमात येशूचं नाव नाही.

पण रविवारची सुरुवात त्याने केली हे बरोबर नाही. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन नावाचा लेखक रोममध्ये लिहून ठेवतो, ‘आम्ही सूर्याच्या दिवशी जमतो’. कॉन्स्टंटाइनच्या दीडशेहून अधिक वर्षं आधी. तेव्हा रविवारची उपासना जुनी, रविवारची सुट्टी राजाची.

औंधची_सातवी यांच्या बाजूचा पुरावाही देतो, नाहीतर अन्याय होईल. चौथ्या शतकात लाओदिकियाच्या धर्मपरिषदेने नियम केला की ख्रिस्ती माणसाने शनिवारी ज्यूंसारखी विश्रांती घेऊ नये, त्या दिवशी काम करावं. आता मनाई कशाची करतात? लोक जे करत असतात त्याची. म्हणजे तोवर बरेच ख्रिस्ती शनिवारही पाळत होते. इथिओपियाच्या जुन्या चर्चमध्ये तर दोन्ही दिवस पाळतात. पंधराव्या शतकात त्यांच्यात शनिवारवरून मोठं भांडण पेटलं होतं. १४५० मध्ये राजा झारा याकोबने परिषद बोलावून ते मिटवलं. दोन्ही पाळा म्हणाला.

---

टवाळ_बाळ

पाच दिवसांच्या आठवड्याचा खरा जनक सापडला! झारा याकोब महाराज की जय.

---

धावपटू_निवृत्त

रविवार पाळण्यावरून स्कॉटलंडचा धावपटू एरिक लिडेल आठवला. १९२४ चं पॅरिस ऑलिंपिक. त्याची हक्काची शर्यत १०० मीटर, पण प्राथमिक फेऱ्या रविवारी. पठ्ठ्या धावलाच नाही. मग ४०० मीटर धावला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्ण. स्कॉटिश रविवार भलताच कडक. तिकडच्या लुईस बेटावरून रविवारची फेरीबोट सुरू व्हायलाच २००९ उजाडलं, आणि तेव्हाही धक्क्यावर विरोध करणारे प्रार्थना म्हणत उभे होते.

---

दर्यावर्दी

सगळे शनिवार-रविवार करताय, पण शनिवार कुठला हे कोण ठरवतं? जहाजावर होतो तेव्हापासून हा माझा आवडता विषय.

२०११ मध्ये पॅसिफिकमधल्या सामोआ देशाने आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली. २९ डिसेंबरचा गुरुवार संपला आणि थेट ३१ डिसेंबरचा शनिवार उजाडला. शुक्रवार गायब. तिथल्या ॲडव्हेंटिस्टांत फूट पडली. काही म्हणाले, सरकारने नाव बदललं तरी सातवा दिवस मोजून येतो, म्हणून आता ज्याला रविवार म्हणतात तोच आमचा शब्बाथ. काही म्हणाले, कॅलेंडरचा शनिवार तो शनिवार. ज्यूंनाही हा पेच पडलेला आहे. १९४१ मध्ये युरोपातून जीव वाचवून जपानात कोबेला पोचलेल्या विद्यार्थ्यांनी रब्बींना विचारलं, योम किप्पुरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास नक्की कुठल्या दिवशी? उत्तरं एकसारखी आली नाहीत.

---

औंधची_सातवी

सामोआचं खरं आहे. आमच्यात त्यावरून अजून कडाक्याचे वाद होतात. मी शेजारच्या टोंगासारखं मानते, तिथे आमचे लोक रविवारीच जमतात. पण आमचे मोठे काका ऐकून घेत नाहीत.

---

गिरणगावचा_नातू

नगरी_देऊळ यांच्या ‘दासालाही विश्रांती’ यावरून एक. मुंबईत गिरण्यांमध्ये साहेबांचा रविवार होता, कामगारांचा नव्हता. आज्ञा वाचणारे देवळात, बाकीचे मागावर. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्जांवर सह्या गोळा केल्या. १० जून १८९० ला साप्ताहिक सुट्टी पदरात पडली. लोखंडे जोतीराव फुल्यांचे सहकारी. रविवार हा खंडोबाचा वार, हाही युक्तिवाद त्यांनी केला असं सांगतात. म्हणजे आपला रविवार ना सिनाय पर्वतावरून आला, ना कॉन्स्टंटाइनकडून. भांडून आला.

---

रविवारची_धुणी

अवांतर वाटेल. आमच्या सोसायटीत रविवारी सगळ्यांना सुट्टी आणि मावशींना दुप्पट भांडी, कारण रविवारी पाहुणे. मी शनिवारी मावशींना म्हटलं, उद्या नका येऊ. तर शेजारीण भांडायला आली, ‘तुम्ही सवय लावता, मग आमच्याकडेही मागतात.’ तर्कट, वेशीच्या आतला परका शोधायला जेरुसलेमला जायची गरज नाही.

---

तर्कट

रविवारची_धुणी, मान्य. आमच्याकडे मावशी रविवारी येतात. लिहिताना खाली मान घालूनच लिहितोय.

पण शेंडीचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. धागाकर्ते कुठे गेले?

---

फिरस्ता_सोलापूरचा

आलो. इथे रविवार कामाचा दिवस, त्यामुळे वाचायला वेळ झाला नाही. (हिब्रूत वारांना नावं नाहीत, आकडे आहेत. रविवार म्हणजे ‘पहिला दिवस’. नाव एकट्या शब्बाथला.)

शेजाऱ्यांना जिन्यात गाठून सरळ विचारलं. तर्कट यांचा परक्याचा मुद्दाही त्यांच्यासमोर ठेवला. ते जिन्यातच बसले, मीही बसलो. म्हणाले, वेशीतला परका म्हणजे नेमका कोण यावर आमच्यात दोन हजार वर्षं वाद आहे, तुमच्या मित्राला सांगा की तो चांगल्या संगतीत आहे. मग म्हणाले, ‘सहा दिवस मी ऑफिसात बारा माणसांना हुकूम सोडतो. त्या दिवशी तुमच्या दारात उभा होतो आणि तुम्हाला काही केल्या समजत नव्हतं. घरात बाळ रडतंय, आणि मला “फ्रिज उघडा” हे दोन शब्द बोलता येत नाहीत. तुम्ही “अरेरे” म्हणालात. आता सांगा, शेंडी कुणाला लागली?’

मला पटलं असं नाही. पण हसू आलं. त्यांच्या पोराला माझ्या घरातला शिट्टी वाजवणारा डबा बघायचाय म्हणे.

काल पुन्हा शुक्रवार. भोंग्याच्या अर्धा तास आधी मीच जाऊन टकटक केली, बेल वाजवली तरी चाललं असतं. म्हटलं, चिकटपट्टी? पोराने हात धरून आत नेलं. त्याने स्वतः लावली होती. आडव्या-उभ्या मिळून सात-आठ पट्ट्या, एकावर एक. बटण पक्कं दबलेलं. फक्त आता दार मिटत नव्हतं.

---

टवाळ_बाळ

मग दूध नासलं?

---

फिरस्ता_सोलापूरचा

नाही. डिसेंबर आहे. गॅलरीत ठेवलं.